घरगुती डिझेल जनरेटर : निदान आणि निगा

मोठ्या इस्पितळात किंवा कारखान्यात बसवलेल्या जनरेटरची देखभाल करायला माणसे नेमलेली असतात. घरगुती जनरेटर मात्र वर्षातील बहुतेक दिवस पडवीच्या कोपऱ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नुसता उभा असतो आणि ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी त्याने पहिल्याच प्रयत्नात सुरू व्हावे, घराचा भार उचलावा आणि प्रसंगी आठवडाभर रोज चालावे, अशी अपेक्षा असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब आणि तारा मोठ्या प्रमाणावर कोसळल्या आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा काळात विहिरीचे पाणी टाकीत चढवणे, मोबाइल चार्ज करणे, औषधे थंड ठेवणे ही सारी कामे एका लहानशा इंजिनावर येऊन पडतात आणि वर्षभर ज्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही असे इंजिन नेमके त्याच वेळी दगा देण्याची शक्यता सर्वाधिक असते. घरगुती जनरेटर चालून झिजतो त्यापेक्षा पडून राहिल्याने आणि नाममात्र भारावर चालवल्याने अधिक बिघडतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्याच्या बहुतेक बिघाडांचा उलगडा होतो आणि ते टाळण्याचा मार्गही दिसू लागतो.

एका चौकटीवर दोन यंत्रे

जनरेटर म्हणजे एकाच लोखंडी चौकटीवर बसवलेली दोन स्वतंत्र यंत्रे होत : डिझेल जाळून चाक फिरवणारे इंजिन आणि त्या फिरण्यापासून वीज निर्माण करणारा अल्टरनेटर. बिघाड झाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की दोष इंजिनात आहे की अल्टरनेटरमध्ये. कारण इंजिन नीट चालत असताना वीज येत नसेल तर डिझेलचे फिल्टर खोलण्यात अर्थ नाही, आणि इंजिनच धापा टाकत असेल तर कमी व्होल्टेजचा दोष अल्टरनेटरवर ढकलणे चुकीचे ठरते.

रुडॉल्फ डिझेल यांच्या ज्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे झाली, त्याचे मूळ तत्त्व आजच्या एका सिलिंडरच्या घरगुती इंजिनातही तेच आहे. पेट्रोल इंजिनात असतो तसा ठिणगी पाडणारा प्लग येथे नसतो. पिस्टन आत ओढलेली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या भागात दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, त्याच कारणाने ही दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून त्या क्षणी उडालेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेटतो. म्हणजे या इंजिनाला तीन गोष्टी पुरतात : योग्य क्षणी पोहोचणारे स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि त्या हवेला पुरेसा दाब, ज्याला मेकॅनिक ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. इंजिन सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी काय कमी पडते आहे हे शोधणे, एवढेच निदानाचे सार आहे.

अल्टरनेटरचे गणित याहून सोपे आहे. चार चुंबकीय ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला की त्यातून सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झची वीज मिळते, जी भारतातील वीजपुरवठ्याशी जुळते. इंजिनाचा वेग घटला की आवर्तने त्याच प्रमाणात घटतात. त्यामुळे कंट्रोल पॅनेलवरचा हर्ट्झ मीटर हा प्रत्यक्षात इंजिनाच्या वेगाचाच मीटर असतो, आणि दोष इंजिनाचा की अल्टरनेटरचा हे ठरवताना सर्वांत आधी त्याच्याकडे पाहावे.

सुरू न होणारे इंजिन

सेल्फ स्टार्टच्या संचात स्टार्टर फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल, तर डिझेलकडे वळण्यापूर्वी बॅटरी तपासली पाहिजे. काही तास विश्रांती घेतलेली आणि पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. तिचा आकडा १२ च्या आसपास आला असेल तर ती बरीचशी रिकामी झालेली असते, आणि स्टार्टर फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी कमकुवत झाली आहे असे समजावे. अनेकदा मात्र बॅटरी चांगली असते आणि तिच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी प्रवाह अडवत असते. अशा वेळी आधी ऋण आणि मग धन टोकाची वायर सोडवून, टर्मिनल सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, घट्ट बसवून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की काम भागते. हँडल मारून सुरू करायच्या इंजिनात बॅटरीचा प्रश्न नसतो, पण तेथे डिकॉम्प्रेशनची कळ उचलून इंजिनाला पुरेसा वेग दिल्यानंतरच ती सोडावी लागते, आणि अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरावे लागते, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट वाचते.

इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे, पण पेटत नाही, अशा वेळी सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. तेथून पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही : हवा फार थंड आहे, वेग कमी पडतो आहे, किंवा पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि नीट न बसणारे व्हॉल्व्ह यांमुळे कॉम्प्रेशन गळते आहे. धूर मुळीच येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. मग टाकीपासून नोझलपर्यंतचा मार्ग क्रमाने तपासावा : टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, बंद करण्याची कळ चालू स्थितीत परत आली आहे का, आणि विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड असल्यास त्याचा फ्यूज शाबूत आहे का. मेकॅनिकला बोलावणे धाडण्यापूर्वी या चार गोष्टी पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

डिझेलच्या वाटेतील हवा आणि पाणी

टाकी पूर्ण आटेपर्यंत इंजिन चालवले, किंवा फिल्टर बदलला, की डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पंपाचा सारा जोर हवेचा बुडबुडा आवळण्यात खर्च होतो आणि नोझल उघडण्यासाठी लागणारा दाब तयारच होत नाही. याला मेकॅनिक ‘इंजिनाने एअर घेतली’ असे म्हणतात. एअर काढण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारून, किंवा टाकी उंचावर असल्यास डिझेल नुसते वाहू देऊन, फेसाळ डिझेलाच्या जागी बुडबुड्यांविना अखंड धार येईपर्यंत थांबावे आणि धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपावर तेच करावे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचे नट अर्धा फेरा सैल करून डिझेल उसळेपर्यंत इंजिन फिरवावे आणि नट पुन्हा आवळावे. हवा पूर्ण निघाली की इंजिन हाताने फिरवताना नोझलचा ‘कर्र’ असा ओळखीचा आवाज येतो. नव्या प्रकारच्या कॉमन रेल इंजिनात दाब याहून कितीतरी पटींनी अधिक असल्याने तेथे या जाड नळ्यांना हात लावू नये. जुन्या इंजिनातही साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने उघडणाऱ्या नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये, कारण हा फवारा कातडी भेदून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढी दिसणारी ती जखम शस्त्रक्रियेची तातडीची गरज असलेली जखम असते.

काही वेळा इंजिन बिनतक्रार सुरू होते, दहा-वीस मिनिटे चालते आणि आचके देत बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तसेच बंद पडते. यात फिल्टर तुंबलेला असू शकतो, पण त्याआधी टाकीचे झाकण पाहावे. डिझेल खाली उतरते तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र असते. बंद पडून राहिलेल्या यंत्रात ते धूळ आणि तेलाच्या किटणाने, किंवा कोकणातील पडव्यांमध्ये हमखास दिसणाऱ्या कुंभारमाशीच्या चिखलाने बुजते. मग टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल खाली उतरेनासे होते. झाकण सैल करताच हवा आत खेचली जाण्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारले, तर निदान झाले. छिद्र तारेने मोकळे केले की काम संपते.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतील हवेतील बाष्प तिच्या पत्र्यावर जमते आणि डिझेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. हे पाणी पंपातील आणि नोझलमधील भाग गंजवते. पंपाचा प्लंजर आणि नोझलची सुई हे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागणाऱ्या फटीने बसवलेले असतात आणि त्यांना वंगण केवळ डिझेलाचेच मिळते, त्यामुळे थोडासा गंजही तेथे पुरेसा असतो. शिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि काळपट, बुळबुळीत गाळ तयार होऊन फिल्टर तुंबतो. यावर उपाय साधे आहेत : टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, तळाच्या बोल्टमधून महिन्यातून एकदा काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढून पाहावे, पाण्याचा थर दिसल्यास स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाकावे, आणि कॅनमधील डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातूनच ओतावे. साठवलेले डिझेल साधारण सहा महिन्यांत वापरून नवे भरणे हिताचे असते.

धुराचा रंग

चालू इंजिनाची प्रकृती धुरावरून ओळखता येते, मात्र ती पाच-दहा मिनिटे चालून तापलेल्या आणि भार घेतलेल्या इंजिनाची पाहावी. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त होणे. त्याची नेहमीची कारणे एअर फिल्टर धुळीने भरणे, क्षमतेपेक्षा जास्त भार टाकणे आणि फवाऱ्याऐवजी थेंब टाकणारे नोझल ही आहेत. निळसर धूर वंगणाचे तेल जळत असल्याचे सांगतो. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतात, किंवा क्वचित तेलच खुणेच्या वर भरलेले असते. पांढरा धूर सुरुवातीला क्षम्य आहे, पण तापलेल्या इंजिनातही तो टिकत असेल तर न जळलेले डिझेल बाहेर पडते आहे, किंवा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. रेडिएटरमधील पाणी रोज कमी होत असेल आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, तर या दुसऱ्या कारणाबद्दल शंका उरत नाही आणि इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

भाराचे गणित आणि कमी भाराचे नुकसान

जनरेटरच्या पाटीवर लिहिलेले केव्हीए आणि प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॅट एक नसतात. त्या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे शक्तिगुणक, ०.८ असेल तर ५ केव्हीएचा संच ४ किलोवॅट देतो आणि २३० व्होल्टला त्याचा पूर्ण प्रवाह सुमारे २१.७ अँपिअर असतो. या मर्यादेत घरातील दिवे, पंखे, फ्रिज आणि एक अश्वशक्तीचा पंप चालतो. पण मोटार सुरू होताना ती क्षणभर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. म्हणून आधी पंप सुरू करावा, इंजिन स्थिरावू द्यावे, मग फ्रिज आणि शेवटी दिवे-पंखे लावावेत. सगळी बटणे चालू ठेवून एकदम भार टाकला की इंजिन दबते, व्होल्टेज पडते आणि त्या कमी व्होल्टेजात सुरू होऊ न शकलेली पंपाची मोटार तापून जळू शकते.

इंजिनाचा वेग भाराप्रमाणे सांभाळण्याचे काम गव्हर्नर करतो. साध्या यांत्रिक गव्हर्नरमध्ये रिकाम्या इंजिनाची ५२ हर्ट्झच्या आसपास असलेली आवर्तने पूर्ण भारावर ५० च्या जवळ येणे स्वाभाविक आहे. वेग मात्र सारखा खाली-वर होत असेल तर डिझेलात हवा आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा गव्हर्नरच्या दांड्या अडकत आहेत असे समजावे. स्प्रिंग ताणून वेग वाढवल्याने हा दोष जात नाही, उलट व्होल्टेज वाढून घरातील उपकरणे धोक्यात येतात.

जास्त भाराचे नुकसान लगेच दिसते, म्हणून त्याला सगळे घाबरतात. कमी भाराचे नुकसान मात्र हळूहळू साचते आणि घरगुती जनरेटरचा खरा शत्रू तेच आहे. रात्रभर दोन पंखे चालावेत म्हणून ५ केव्हीएचा संच सुरू ठेवला जातो. दोन पंख्यांचा दीडशे वॉटचा भार त्याच्या क्षमतेच्या चार टक्केही नसतो. अशा भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, रिंगा लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतील अस्तरावर, नीट दाबल्या जात नाहीत, आणि न जळलेले डिझेल व काजळी यांचा काळा चिकट द्रव सायलेन्सरच्या जोडातून ओघळू लागतो. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, त्यावर तेलाचा थर टिकत नाही, तेल जळू लागते आणि इंजिनाची ताकद घटते. सुरुवातीची अवस्था असेल तर तीन-चतुर्थांश भारावर काही तास चालवल्याने साचलेली काजळी जळून जाते. पुढे गेलेल्या अवस्थेत इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो. अमेरिकेतील एनएफपीए ११० या मानकात आपत्कालीन जनरेटर दर महिन्याला किमान तीस मिनिटे आणि क्षमतेच्या किमान तीस टक्के भारावर चालवण्याची जी अपेक्षा ठेवली आहे, तिच्यामागे हेच कारण आहे आणि घरासाठीही तो दंडक उत्तम आहे.

यातून घरगुती वापराची एक शहाणी पद्धत निघते. जनरेटर रात्रभर किरकोळ भारावर चालू ठेवण्याऐवजी सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास चांगल्या भारावर चालवावा. तेवढ्यात टाकी भरून घ्यावी, फ्रिज गार करून घ्यावा, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करावी आणि रात्रीचे पंखे-दिवे इन्व्हर्टरवर सोपवावेत. लहान संच चांगल्या भारावर लिटरमागे सुमारे अडीच ते तीन युनिट वीज देतो, किरकोळ भारावर त्याच्या निम्मीही देत नाही. त्यामुळे या पद्धतीत इंजिन वाचते आणि डिझेलही.

उष्णता आणि वंगण

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरभोवतीच्या पात्यांमधून पंख्याची हवा खेळते; त्या पात्यांत धूळ, पालापाचोळा किंवा उंदराने आणलेल्या काटक्या अडकल्या की इंजिन तापते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरची जाळी, पाण्याची पातळी आणि फॅनबेल्टचा ताण पाहावा. बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटाच्या जाडीएवढा दबला पाहिजे. संच बंदिस्त खोलीत ठेवला तर रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा आत ओढली जाते आणि सर्व भाग ठीक असूनही इंजिन तापत राहते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जातो आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी चेहऱ्यावर उडते. म्हणून भार काढून, इंजिन थोडा वेळ रिकामे चालवून, मग बंद करून ते आपोआप निवू द्यावे.

तेल मोजताना संच सपाट जागी असावा आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावीत. तेलाची पातळी घटली तर ते गळते किंवा जळते आहे हे उघड असते. पण पातळी वाढलेली दिसली तर ती अधिक चिंतेची बाब आहे, कारण पंपातून किंवा नोझलमधून गळलेले डिझेल तेलात मिसळत असते आणि असे पातळ तेल बेअरिंगला वाचवू शकत नाही. तेल बदलण्याची मुदत उत्पादकाच्या पुस्तिकेत तासांत दिलेली असते, पण घरगुती संचात तेवढे तास कित्येक वर्षे भरत नाहीत; म्हणून तास भरोत वा न भरोत, वर्षातून एकदा तेल आणि त्याचा फिल्टर बदलावाच, कारण उभ्या इंजिनातही तेलात ओल आणि आम्ल साचत राहते. तेलाचा दाब पडला किंवा तापमान चढले की इंजिन आपोआप बंद करणारी उपकरणे अनेक संचांत असतात. ती वारंवार इंजिन बंद करतात म्हणून त्यांची वायर काढून ठेवण्याची सवय फार घातक आहे. ते उपकरण इंजिन का थांबवते आहे हे शोधल्याशिवाय संच पुन्हा सुरू करू नये.

क्वचित एक भयंकर प्रसंग उद्भवतो : इंजिन स्वतःचेच वंगण, विशेषतः ऑइल बाथ एअर फिल्टरमध्ये जास्त भरलेले तेल, इंधन म्हणून ओढू लागते आणि डिझेल बंद करूनही त्याचा वेग वाढत जातो. अशा वेळी हवा तोडणे हाच एक उपाय उरतो. हवा शिरण्याच्या तोंडावर जाड फळी किंवा पत्रा दाबून धरावा. हात किंवा फडके कधीही लावू नये, कारण ते आत खेचले जाते. ते शक्य नसेल तर माणसांना दूर न्यावे.

इंजिन चालते, वीज येत नाही

वेग योग्य असून मीटर शून्य दाखवत असेल तर आधी एमसीबी पडला आहे का, जोडणीची वायर निसटली आहे का, हे पाहावे. त्यानंतरचे संभाव्य कारण पुन्हा पडून राहण्याशी निगडित आहे. अल्टरनेटरच्या लोखंडात मागील वापरातून थोडे चुंबकत्व शिल्लक राहते आणि सुरुवातीचे काही व्होल्ट त्यातूनच निर्माण होऊन पुढची वीज उभी राहते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या संचात हे चुंबकत्व नाहीसे होऊ शकते. जाणकार तंत्रज्ञ व्होल्टेज नियामक, म्हणजे एव्हीआर, वेगळा करून फील्डच्या वेटोळ्याला योग्य दिशेने क्षणभर बॅटरीचा प्रवाह देतो आणि ते परत आणतो. स्लिप रिंगच्या अल्टरनेटरमध्ये कार्बन ब्रश झिजलेले किंवा दमट हवेने रिंगा काळवंडलेल्या असतात. ब्रश नसलेल्या लहान संचात कपॅसिटर निकामी झालेला असतो, आणि बंद संचातही त्यात विद्युतभार साठलेला असू शकतो हे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात ओल धरलेल्या वेटोळ्यांची पारख मेगर नावाच्या उपकरणाने होते. एव्हीआर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने घेतलेले मोजमाप एक मेगओहमपेक्षा कमी आले तर संच सुरू न करता वेटोळी मंद उष्णतेने कोरडी करावी. पुरात बुडालेला संच तर ही परीक्षा झाल्याशिवाय सुरू करू नये. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तसे पाणी घरात आले आणि ते सिलिंडरमध्ये पोहोचले असेल, तर इंजिन फिरवताच न दाबले जाणारे ते पाणी कनेक्टिंग रॉड वाकवते. आधी तेल, डिझेल आणि सिलिंडरमधील पाणी काढावे, मग बाकीचे. पूररेषेच्या वर बांधलेला सिमेंटचा ओटा या साऱ्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतो.

घराची जोडणी आणि माणसांचे रक्षण

यंत्राच्या रक्षणाइतकेच त्याच्या भोवतीच्या माणसांचे रक्षण महत्त्वाचे आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून घरात सोडण्याची युक्ती जीवघेणी आहे. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ही वीज उलट दिशेने डीपीकडे जाते आणि तेथील ट्रान्सफॉर्मर तिचे रूपांतर ११,००० व्होल्टच्या दाबात करतो. ज्या तारेत वीज नाही असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्या तारेत ती उतरते. वीज कंपनीचा पुरवठा अचानक परत आला तर जनरेटरचेही नुकसान होते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी बदलणारा चेंजओव्हर स्विच बसवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि ज्या घरात तो नाही त्या घराने जनरेटर वायरिंगला जोडू नये. संचाच्या चौकटीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावीत. वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, मात्र न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी योग्य नसेल तर तो काम करत नाही, म्हणून ही जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी.

जनरेटर पावसापासून वाचवण्यासाठी घरात, जिन्याखाली किंवा बंद पडवीत घेण्याचा मोह वादळात हमखास होतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू असतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. संच खिडक्या-दारांपासून दूर, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशा जागी असावा आणि सायलेन्सरच्या नळीचे तोंड पाऊस आत शिरणार नाही असे वळवलेले असावे. भारतातील नव्या संचांसाठी आवाजाची मर्यादा कॅनोपीपासून, म्हणजे संचावरच्या आवाज रोखणाऱ्या पेटीपासून, एक मीटरवर ७५ डेसिबल अशी आहे. कॅनोपीची दारे उघडी ठेवून संच चालवल्यास ती पाळली जात नाही आणि आतील हवेचा ठरवलेला प्रवाहही बिघडतो.

नोंदवही आणि महिन्याचा अर्धा तास

वर सांगितलेल्या बहुतेक दोषांची चाहूल आधी लागते, फक्त ती टिपणारे कोणी असावे लागते. त्यासाठी संचाजवळ एक वही टांगावी आणि महिन्यातून एकदा, वीज असतानाही, चेंजओव्हर फिरवून पंप आणि फ्रिज यांसारख्या खऱ्या भारावर अर्धा तास संच चालवावा. सुरू करण्यापूर्वी तेल, पाणी, डिझेल आणि बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. चालू असताना व्होल्टेज, हर्ट्झ, धुराचा रंग आणि कुठे गळती आहे का ते पाहावे. बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे रिकामा चालवावा आणि तारीख, तासांचा आकडा आणि दिसलेला फरक वहीत लिहावा. एअर फिल्टरची सफाई, डिझेल फिल्टर बदलणे, व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांच्यातील फट तपासणे ही वर्षाची कामे कोकणात आणि घाटमाथ्यावर मे महिन्यातच उरकावीत, म्हणजे पहिल्या वादळी पावसाला संच सज्ज असतो. नोझलचा दाब तपासणे, इंजेक्शन पंप खोलणे आणि वेटोळ्यांची दुरुस्ती ही कामे मात्र कार्यशाळेचीच आहेत आणि घरी ती करून पाहू नयेत.

मेकॅनिक आल्यावर ही वही त्याच्या हातात दिली, तर गेल्या तीन महिन्यांत बॅटरीचे व्होल्टेज घसरत होते की धूर काळवंडत होता हे त्याला अंदाजाने ठरवावे लागत नाही, आणि चांगले भाग विनाकारण बदलण्याचा खर्चही वाचतो. महिन्याचा अर्धा तास आणि अर्धा-पाऊण लिटर डिझेल एवढीच या निगेची किंमत आहे. ती देणाऱ्या घराला आपल्या जनरेटरची अवस्था वादळापूर्वीच ठाऊक असते, आणि बिघाड निघालाच तर तो दुकाने उघडी असताना व रस्ते चालू असताना निघतो.